मी फिरले, यंत्र फिरलं नाही

“हात डोक्याच्या वर घ्या. मान एका बाजूला वळवा. आणि छाती गादीवर टेकवू नका हं, त्या पोकळीत मोकळी सोडा. घाई नाही. आपण थांबू.”

हे शब्द नम्रताताईंचे. त्या इथून गेल्या त्याला बरीच वर्षं झाली, पण माझ्यावर कोणी हात ठेवला की मला आधी हेच ऐकू येतं.

मित्रांनो, मी एक जुनी गादी आहे. माझ्यावर कोणी झोप काढत नाही, म्हणजे काढू नये, पुढे सांगतेच. कुडाळच्या जवळ, महामार्गाच्या कडेला एक धर्मादाय इस्पितळ आहे. त्याच्या मागच्या खोलीत गॅमा कॅमेरा नावाचं मोठं यंत्र आहे आणि त्या यंत्राच्या अरुंद फळीवर माझी जागा. स्तनाच्या कर्करोगाची शंका आली की बाईला माझ्यावर पालथं झोपवतात. ‘स्तन’ हा शब्द वाचून तुमच्यातले काही जण एकमेकांकडे बघून हसले असतील. हसा, तुम्ही लहान आहात. बाहेरच्या बाकावर मिशा पिकलेले पुरुषही असेच हसतात आणि आत त्यांच्याच घरचं माणूस कापत पडलेलं असतं. मी कोणाला वाईट बोलत नाही. नुसती बघते आणि मनात त्यांची जागा ठरवून टाकते.

मला धोंडू मेस्त्रीने बनवलं. तो रिक्षांच्या सीटा शिवायचा. यंत्राबरोबर एक परदेशी गादी आली होती, पण आपल्याकडच्या बायका अंगाने लहान. त्या तिच्यावर चढल्या की पोकळी पोटाखाली यायची. मग नम्रताताईंनी मापं काढली आणि धोंडूच्या दुकानात गेल्या.

“ताईनू, ही दोन भोकां कसली?” धोंडूने विचारलं.

“बाई पालथी झोपली की दोन्ही बाजूंची छाती खाली लोंबती राहिली पाहिजे. म्हणून.”

धोंडू कानापर्यंत लाल झाला. पण काम त्याने टाकलं नाही. दुसऱ्या दिवशी शटर अर्धं ओढून त्याने स्वतःच्या बायकोला माझ्यावर झोपवून पाहिलं. तिला जिथे बरगडीला टोचलं तिथला फोम त्याने पुन्हा कापला. वरून गडद लाल रेक्झिन घातलं आणि सवयीने कडेला रिक्षासारखी सोनेरी पट्टीही लावली. इस्पितळाचे विश्वस्त म्हणाले, ही पट्टी काढा, शोभत नाही. नम्रताताई म्हणाल्या, “राहू दे. झोपणाऱ्या बाईला काहीतरी ओळखीचं दिसेल.”

माझं काम साधं आहे. बाईच्या शिरेतून एक औषध देतात. ते अंगभर फिरतं आणि जिथे पेशींचं बिनसलेलं असतं तिथे जास्त साठतं. माझ्या दोन्ही बाजूंना दोन कॅमेरे उभे असतात. एक डाव्या बाजूचं चित्र घेतो, दुसरा उजव्या बाजूचं. बिघाड असला तर चित्रात उजळ ठिपका येतो. पण तेच औषध हृदयातही भरपूर साठतं, त्यामुळे पडद्यावर हृदय निखाऱ्यासारखं पेटलेलं दिसतं. बाईला उताणी झोपवलं तर डावा स्तन नेमका त्या निखाऱ्यावर पसरतो आणि बारीक ठिपका त्यात हरवतो. पालथं झोपवलं की तो हृदयापासून दूर, खाली येतो. एवढ्यासाठी मी. चित्र निघेपर्यंत बाईने हलायचं नाही, आणि मी तिला हलावंसं वाटू द्यायचं नाही.

आता एक अडचण सांगते. यंत्र बसवलं तेव्हा फळी अशी बसली की झोपणाऱ्या बाईचं डोकं उत्तरेला येतं. आपल्याकडे प्रेताला तसं ठेवतात, जित्या माणसाला नाही. इमारत बांधताना विश्वस्तांनी वास्तुशास्त्र जाणणारा माणूस आणला होता. अध्यक्षांची खुर्ची पूर्वेला तोंड करून आहे. पैसे भरायची खिडकी कुठे असावी यावर सकाळभर चर्चा झाली. बाईचं डोकं कुठे येईल, हे मात्र त्या सगळ्या धर्मनिष्ठ मंडळींपैकी एकालाही सुचलं नाही. देवाला दिशा विचारायची ती स्वतःच्या खुर्चीपुरती. असल्या भक्तीला मी फार मोठ्याने नावं ठेवत नाही, पण नमस्कारही करत नाही.

नम्रताताईंना ही अडचण कधी जड गेली नाही. कोणी कुरकुरली की त्या जवळ बसून म्हणायच्या, “काकी, आईच्या पोटात होतात तेव्हा डोकं कुठल्या दिशेला होतं, आठवतं का? आई रोज फिरत होती, कामं करत होती. तुमचं काही बिघडलं का?” बायका हसायच्या. मग ताई त्यांना देवाचं नाव घ्यायला वेळ द्यायच्या आणि सगळं शांतपणे व्हायचं.

त्यांना गोव्यात मोठ्या इस्पितळात नोकरी लागली. निरोपाच्या दिवशी त्यांनी मला स्वतः पुसलं. त्यांच्या जागी जितेंद्र आला.

जितेंद्रबद्दल काय सांगू? शिकलेला, नीटनेटका, पांढऱ्या कोटाला कडक इस्त्री. पहिल्याच आठवड्यात त्याने मला फळीवरून उचलून कोपऱ्यात टाकलं. पालथं झोपवायचं म्हणजे समजावणं आलं, मापात बसवणं आलं, बाई नीट झोपली का ते वाकून बघणं आलं. उताणं झोपवलं की काम पटकन उरकतं. “या बायकांना हलू नका सांगितलं तरी हलतात,” असं तो सगळ्यांना सांगायचा. रोज पहाटे उठून जपमाळ संपेपर्यंत मांडी न मोडणाऱ्या त्या बायका हलतात, आणि दोन मिनिटं मोबाईल खाली न ठेवणारा हा स्थिर!

कोपऱ्यात माझे हाल सांगण्यासारखे नाहीत. दुपारी जितेंद्र माझ्यावर आडवा व्हायचा. माझ्या एका पोकळीत त्याचा डबा बसायचा, दुसरीत पाण्याची बाटली. बांगड्याच्या तिखल्याचा, म्हणजे माशाच्या तिखट कालवणाचा, एक डाग अजून माझ्या सोनेरी पट्टीवर आहे. येणारे-जाणारे विचारायचे, “ही कसली रे सीट?” तो म्हणायचा, “जुन्या मॅडमची हौस.” त्यावर हसणाऱ्यांत विश्वस्तही होते.

चित्रं मुंबईच्या एका डॉक्टरांकडे जायची. ते तिथे बसून निदान लिहायचे. एक दिवस त्यांनी कळवलं की उताण्या चित्रांत डावी बाजू वाचता येत नाही, यापुढे पालथं झोपवूनच चित्र पाठवा. झालं. माझी आठवण आली. जितेंद्रने मला झटकलं, पुसलं नाही, आणि फळीवर घातलं.

काही महिन्यांनी इस्पितळाला स्वतःच्या डॉक्टर मिळाल्या, आकांक्षा नावाच्या. त्या रुजू झाल्या त्याच आठवड्यात वालावलची मथुरा आली.

मथुरा पन्नाशीची, बारीक अंगाची. सोमवार, चतुर्थी, एकादशी सगळं धरणारी, पण त्याचा गाजावाजा नसलेली. नवरा मुंबईत नोकरीला. तिची बहीण ह्याच रोगाने गेली होती. हिच्या स्तनांच्या साध्या एक्स-रेत दोन्ही बाजू दाट दिसत होत्या, त्यामुळे नक्की काही कळत नव्हतं. हाताला गाठ लागत नव्हती. रोग आहे का आणि असला तर कुठल्या बाजूला, ते आता माझ्यावर ठरणार होतं. सोबत तिचा दीर लवू आला होता. गावच्या देवळात मानाचा नारळ घ्यायला हा नेहमी पुढे. अशी माणसं तुम्ही पाहिली असतील. देवाच्या जवळ उभं राहून राहून त्यांना वाटायला लागतं की आपण देवाचे नातेवाईक आहोत.

औषध देऊन झालं. मथुरा गाऊन घालून आत आली. लवू दारात उभा राहून डोकावत होता.

“ह्येंचा डोक्या खंय येतला?” त्याने विचारलं.

“तिकडे,” जितेंद्रने बोट दाखवलं.

लवूने खिडकीतून सूर्य पाहिला, हिशेब केला आणि ओरडला, “उत्तरेक? आणि वर पालथा? अरे, मड्याक तरी उताणा निजवतत! माझी वैनी अजून जिती आसा, मेल्यानू!”

“काका, हळू बोला.”

“हळू कित्या? उद्या हिचा काय झाला तर तू येतलंस तेरावा घालूक?”

मथुरा फळीला धरून उभी होती. ती हळूच म्हणाली, “भावजीनू, माका खंयव निजवा, चलात. माझो देव काय होकायंत्र घेवन बसूक नाय. लवकर होवंदे.”

तिचं कोणी ऐकलं नाही. लवूला जिंकायचं होतं आणि जितेंद्रला जेवायला जायचं होतं.

“ओरडू नका हो. फिरवतो. त्यात काय एवढं?” जितेंद्र म्हणाला. त्याने मला उचललं आणि जिथे पाय येतात तिथे माझी डोक्याची बाजू ठेवली. मथुरा दक्षिणेकडे डोकं करून माझ्यावर पालथी झाली. लवू विजयी मुद्रेने बाहेर जाऊन बसला.

मित्रांनो, आता नीट ऐका. मी फिरले, मथुरा फिरली. यंत्र फिरलं नाही. बाई कुठल्या बाजूने झोपली आहे हे यंत्राला सांगावं लागतं, त्याला डोळे नाहीत. जितेंद्रने सांगितलं नाही. त्यामुळे जो कॅमेरा डाव्या बाजूचा म्हणून उभा होता त्याच्यासमोर आता मथुराची उजवी बाजू आली, आणि उजव्यासमोर डावी. नावं मात्र चित्रावर जुनीच उमटत राहिली.

मथुरा हलली नाही. तिचं नामस्मरण चाललं होतं, पण श्वाससुद्धा असा की मला मोजता येऊ नये. इतकं नीट झोपलेलं माणूस माझ्यावर फार दिवसांनी आलं होतं, आणि तेही उलटं.

पडद्यावर चित्र आलं ते डोकं खाली, पोट वर. जितेंद्रने एका बोटाने ते गोल फिरवून सरळ केलं. झालं त्याचं समाधान! खोबणीत उलटा बसवलेला देव बघणाऱ्याने स्वतः डोक्यावर उभं राहून सरळ मानावा, तशातली ही हुशारी. मग त्याने नोंद केली की उजव्या बाजूला आत खोल एक ठिपका दिसतोय. मी ओरडले असते, पण फोमला कंठ नसतो.

चित्र पाठवण्याआधी हृदयाचा पेटलेला भाग तो नेहमी कापून टाकायचा, डोळ्यांना त्रास होतो म्हणून. कापणार इतक्यात डॉक्टर आकांक्षा आत आल्या. त्या पडद्यासमोर उभ्या राहिल्या.

“जितेंद्र, या बाईंचं हृदय उजवीकडे आहे का?”

“असेल मॅडम. वालावलची माणसं आहेत, काही सांगता येत नाही.” तो स्वतःच हसला.

डॉक्टर हसल्या नाहीत. त्या मथुराजवळ गेल्या. ती उठून बसली होती. त्यांनी तिच्या छातीवर नळी ठेवून ऐकलं; डावीकडे, मग उजवीकडे, पुन्हा डावीकडे.

“हृदय तर डावीकडेच आहे. काकी, तुम्हाला कसं झोपवलं होतं?”

मथुराने जितेंद्रकडे पाहिलं. त्याने टेबलावरच्या वायरी सरळ करायला घेतल्या. त्याला आता कळलं होतं, ते मला त्याच्या बोटांवरून दिसलं. पण तोंड उघडलं नाही. ते काम दारातून झालं.

“मिया सांगलंय फिरवूक!” लवू छाती काढून आत आला. “मिया होतंय म्हणान, डॉक्टरानू! नायतर वैनीक मड्यासारखी निजवल्यांनी असती. उत्तरेक डोक्या कोण करता?”

आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाचा बढाईखोरपणा कोणाच्या तरी उपयोगी पडला. कशासाठी, ते त्याला अजूनही कळलेलं नाही.

डॉक्टर लवूला टाळून पुढे झाल्या. त्या मथुरालाच म्हणाल्या, “काकी, चित्रं उलटी निघाली आहेत. डाव्याचं उजवं झालंय. औषध अजून अंगात आहे, पुन्हा लगेच घेता येईल. पण डोकं उत्तरेला करावं लागेल.”

“कोण करता बघतंय!” लवू पुढे झाला.

“भावजीनू,” मथुरा म्हणाली. तिचा आवाज वाढला नाही, पण लवू थांबला. “तुमी भायर बसा. डोक्या माझा आसा.”

डॉक्टरांनी मला स्वतः उचलून फिरवलं. माझ्या पोकळ्या पुसल्या, वाकून मथुराचा खांदा खाली घेतला, मान वळवली. जितेंद्रने यंत्र चालवलं. या वेळी चित्र सरळच आलं. हृदय डावीकडे पेटलेलं होतं आणि त्याच्यापासून वेगळा, खाली, एक बारीक ठिपका. डाव्या बाजूला. उजवी बाजू स्वच्छ होती.

मथुरा उठून गाऊन सारखा करत होती तेव्हा डॉक्टरांनी तिला सगळं सांगितलं. लपवून, घोळवून नाही. ठिपका लहान आहे. त्यातून सुईने तुकडा काढून तपासावा लागेल. तो कशाचा आहे ते त्यानंतर कळेल.

मथुराने ऐकलं. मग विचारलं, “म्हंजे मगाशी तसाच रवला असता तर उजवीकडे सुई घातली असती तुमी?”

“हो.”

“आणि थंय काय गावला नसता.”

“नसतं गावलं. आम्ही तुम्हाला घरी पाठवलं असतं.”

“आणि मिया देवाक नारळ दिलो असतो,” मथुरा म्हणाली. तिने माझ्या कडेवर हात ठेवला. ती स्वतःसाठी रडेल असं मला वाटलं. तिने मान वर केली ती जितेंद्रकडे बघायला.

“बाबा, माझ्या आदी आणि कोणाक फिरवलंस?”



“देवाशपथ मॅडम,” जितेंद्र डॉक्टरांकडे वळून म्हणाला, “मला वाटलं चित्र सरळ केलं की झालं…”

“त्यांनी विचारलंय ते सांगा,” डॉक्टर म्हणाल्या.

“एकच. देवबागची. काशीबाई.”

मला ती आठवली. म्हातारी, मालवणच्या पुढे खाडीच्या बाजूला घर, मुलगा पर्यटकांच्या बोटीवर. उत्तरेचं कळल्यावर ती रडायला लागली होती. जितेंद्रला रडणं थांबवायचं होतं, म्हणून त्याने तिला फिरवलं. मुंबईच्या डॉक्टरांनी हृदय कापून पाठवलेल्या त्या चित्रावरून उजवी बाजू लिहिली. उजवीकडून तुकडा काढला, त्यात काही निघालं नाही. काशीबाई मुलाला घेऊन परत आली ती मालवणी खाजं वाटायला. विश्वस्तांनी घेतलं, जितेंद्रने दोनदा घेतलं. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं, “तुझ्या हाताक यश आसा, पुता.” त्याने मान लववून तो आशीर्वाद घेतला होता. तिचा खरा ठिपका डावीकडे तसाच होता, कोणी न बघितलेला.

डॉक्टर आकांक्षांनी फोन उचलला. मथुराने त्यांच्या हातावर हात ठेवला.

“फोनान सांगू नकात, डॉक्टरानू. सुखात बसलेल्या बाईक असा फोनान सांगतत काय? तिच्या दारात जावन सांगूक व्हया. तिका वांगडा, सोबत घेवन येवक व्हया.” मग जितेंद्रकडे बोट न करता, नुसती मान वळवून, “आणि ह्येका जावक व्हया. ह्येनाच फिरवल्यान.”

“मी?” जितेंद्र म्हणाला. “त्यांचा मुलगा मला मारेल.”

“मारात,” मथुरा म्हणाली. “मग ती उठान तुका पाणी देयत. तशीच असतत आमच्याकडली माणसां. पण तुका बघल्याशिवाय ती परत ह्या गादीर निजाची नाय.”

“बरं. देवाची शपथ, मी…”

“देवाक मधी घालू नको. आज सकाळपासून सगळ्यांनी त्येका पुरो वापरल्यानी. तुझ्या तोंडान सांग, जातंय म्हणान.”

जितेंद्र इतकी वर्षं इथे कामाला आहे. या खोलीत त्याच्या तोंडून मी पुस्तकी मराठीशिवाय काही ऐकलं नव्हतं. त्याने मान खाली घातली.

“जातंय,” तो म्हणाला.

मथुरा उठली. पुढच्या तपासणीसाठी डॉक्टर तिला घेऊन गेल्या. तिच्या ठिपक्याचं काय निघेल ते मला ठाऊक नाही. जिथे सुई जायला हवी तिथे ती जाईल, एवढं मला ठाऊक आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी ते म्हणणार नाही. रेक्झिन फाटलं तर कोणीही नवं घालील. मला जितेंद्रची आणि लवूची चीड आहे, ती माझ्यावर डाग पडला म्हणून नाही. माझ्यावर झोपणारी बाई सगळ्या जगाकडे पाठ करून पडलेली असते. तिला काही दिसत नाही. मागे उभा असलेला माणूस काय करतोय ते ती बघू शकत नाही, म्हणून ती त्याच्यावर सोडून देते. तुमच्याकडे पाठ करून कोणी असं निजलं तर त्याला जपा. त्या वेळेपुरती आपली भूक, आपली घाई, आपला मान दाराबाहेर ठेवा. रोजचा नेम पाळायचा असेल तर हा पाळा. मला वाटतं तो कोणत्याही देवाला पोचेल.

सगळे गेल्यावर जितेंद्रने मला धुतलं. दोन्ही पोकळ्यांत हात घालून, साबणाने. मग खिडकीशी वाळत उभं केलं. माफी वगैरे त्याने मागितली नाही आणि मला नकोच होती. एका दिवसाच्या धुण्याने मी कोणाला मनात वर चढवत नाही.

खिडकीतून मला फाटक दिसत होतं. तिथे लवू चहा पीत चार माणसांना सांगत होता की उत्तर दिशा म्हणजे काय, आणि शिकलेल्यांना ती कशी कळत नाही. चौघे माना डोलवत होते.

त्यांच्या मागून जितेंद्र आला. अंगात कोट नव्हता. त्याने त्यांच्याकडे पाहिलं नाही. दुचाकी सुरू न करता हाताने ढकलत फाटकाबाहेर नेली आणि बरीच पुढे गेल्यावर तिच्यावर बसला. मग मालवणच्या रस्त्याला लागला.